पुरवणी एक

१

काटाबाईंनी दिलेला हिरवा गुण आजवर कुणी बदलला नव्हता.

लाल गुण बदलतो, त्यात नवल नाही. लाल पेनवाला परीक्षक खालच्या हॉलमध्ये बसतो, दिवसाला चाळीस पेपर उपसतो, आणि पस्तिसाव्या पेपरापासून त्याचे डोळे उत्तर वाचत नाहीत, नुसती लांबी मोजतात. म्हणून तर वरच्या मजल्यावर नियामक बसवलेला असतो. त्याच्या हातात हिरवं पेन. दोन-तीन गुणांनी नापास झालेला प्रत्येक पेपर त्याने पुन्हा वाचायचा. पटलं तर हिरवी खूण, नाही पटलं तर लाल आकड्यावर हिरवी काट. लाल-हिरव्याचं जमलंच नाही तर तिसरं, जांभळं पेन. ते मुख्य नियामकांचं. त्यांच्यापुढे दाद नाही.

सोनाराच्या काट्यासारखा अर्धा गुणही इकडचा तिकडे होऊ देत नाहीत, म्हणून त्या काटाबाई. पंधरा उन्हाळे हिरवं पेन धरलं, आणि जांभळ्याने एकदाही त्यांना काट मारली नाही. मुख्य नियामक, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, ते यंदा निवृत्त होणार होते. खुर्ची कुणाकडे जाणार हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. काटाबाईंना तर पंधरा वर्षांपासून ठाऊक होतं.

त्या सकाळी चष्म्याची एक काडी निखळली. त्यांनी पर्समधून पुरवण्या बांधायचा पांढरा दोरा काढला आणि काडी आवळून बांधली.

"दुकानात टाक की," थोरली बहीण म्हणाली. दोघी एकाच घरात राहत. ताईंचं तोंड आणि काटाबाईंचं नाक, दोन्ही वर्षानुवर्षं एकमेकांना झिजवत आलेली.

"तपासणी संपली की टाकीन."

"चष्म्याचं सोड. नाक इतकं वर चढलंय की चष्मा राहणार तरी कसा त्यावर! खुर्ची मिळाली की छपरालाच लागेल."

"दया घरी ठेवून जाते ताई मी. ती सांभाळ म्हणजे झालं."

"दिसली तर सांभाळीन," ताई म्हणाल्या, आणि डबा पुढे केला.

२

तपासणी दरवर्षी वेगळ्या शाळेत असते. यंदा ज्या शाळेत होती, तिथे काटाबाई चौदा वर्षांपूर्वी, नियामक म्हणून अगदी पहिल्या वर्षी, आल्या होत्या. खोलीही तीच, सात नंबर. खिडकीजवळ नियामकांची सहा टेबलं, आणि मागे ढकलून ठेवलेले मुलांचे बाक, एकाला एक चिकटलेले. वर तीन पंखे, त्यातला मधला बंद. काटाबाईंच्या वाट्याला कोपऱ्यातलं टेबल आलं. जड, जुनं, हलवायला दोन माणसं लागावीत असं. त्यावरचा शाईचा डाग त्यांनी ओळखला, आणि त्यांना बरं वाटलं. जुनी जागा माणसाला ओळख देते असा आपला एक समज असतो.

पहिल्या दिवशी, पहिल्या गठ्ठ्यात, सगळ्यात खाली तो पेपर होता. लाल एकूण तेहतीस. पास पस्तिसाला.

त्यांनी शेवटचा निबंध उघडला. विषय, 'माझ्या वर्गाची खिडकी'. दहापैकी चार. अक्षर बारीक, गोल, आणि लिहिणाऱ्याने इतकं दाबून लिहिलेलं की पानाच्या मागे बोट फिरवलं तर ओळी हाताला लागत होत्या.

"आमच्या वर्गाला एकच खिडकी आहे. तिच्यातून पाण्याची टाकी दिसते. मुलं घरी गेली की वर्गात बायका येतात. त्या टेबलांवर बसून पेपर तपासतात."

एवढंच. पुढे कोरं.

काटाबाई थांबल्या. पेपर तपासायला माणसं येतात ती सुटीत. तेव्हा मुलं आपापल्या घरी असतात. मग या मुलाने पाहिलं कधी? पण मूल कल्पना करतं, आणि ऐकीव गोष्ट पाहिलेली म्हणून ठोकून देतं. त्याबद्दल गुण वाढत नाहीत की कापले जात नाहीत. चार बरोबर होते. त्यांनी हिरवी खूण केली, सही केली, आणि सवयीने आपल्या वहीत क्रमांक टिपला. ४१७३०२.

क्रमांक हल्ली आठ आकडी असतो. दोन आकडे घडीत गेले असतील म्हणून त्यांनी पान उलगडून पाहिलं. घडीत काही नव्हतं.

३

दुसऱ्या दिवशी दुसरा गठ्ठा. सगळ्यात खाली तेच अक्षर.

एका शिकवणीची मुलं एकसारखं अक्षर काढतात, आणि एकाच निबंधाची घोकंपट्टी तर गावभर चालते. काटाबाईंनी स्वतःला हे समजावलं आणि वाचायला घेतलं. पहिल्या चार ओळी कालच्याच. पुढे कोरं नव्हतं.

"कोपऱ्यातल्या बाईंचं पेन हिरवं आहे. त्यांच्या चष्म्याच्या काडीला पांढरा दोरा बांधला आहे. तो पुरवणीचा दोरा आहे."

त्यांचा हात आपोआप कानाकडे गेला. दोरा बांधून दोन दिवस झाले नव्हते. परीक्षा होऊन सात आठवडे झाले होते.

पेपरावर हिरवी खूण नव्हती, सहीही नव्हती. त्यांनी वही उघडली. काल टिपलेला ४१७३०२. समोरच्या पेपरावर ४१७३०२.

'मी काल सही केलीच नसेल,' त्या मनाशी म्हणाल्या. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांना आपण चुकलेलं असावं असं वाटत होतं.

पेपर घेऊन त्या खाली गेल्या. गठ्ठा तपासणारी परीक्षक नवीच होती, पहिलं वर्ष, नखांनाही लाल शाई. तिला सगळे 'नवी' म्हणत.

"हा तू तपासलास?"

"नाही हो बाई. माझा तीन बघा, कसा काठीसारखा सरळ. या तीनला शेपूट आहे."

"चार वर्षं तपास, तुलाही फुटेल शेपूट."

नवी हसली, पण हसू अर्धंच राहिलं. "बाई, मी पंचवीस तपासले. चिठ्ठीवर सही आहे माझी. मोजा."

मोजले. गठ्ठ्यात पंचवीस होते. काटाबाईंच्या हातातला सव्विसावा.

जिना चढताना त्यांना तो शेपटीचा तीन आठवला. असा तीन एकच मास्तर काढायचे. ते जाऊन आठ वर्षं झाली होती. काटाबाई स्वतः त्यांच्या घरी जाऊन बसून आल्या होत्या. पण मास्तरांनी आयुष्यभर मुलं शिकवली, आणि शिकलेलं मूल गुरुजींचा आकडा गिरवतंच. असं म्हणून त्यांनी पेपर गठ्ठ्यात घातला, शाळकरी मुलासारखे एक-एक करून सव्वीस मोजले, आणि गठ्ठा बांधून शिपाईमामांच्या हाती खाली पाठवला.

४

तिसऱ्या दिवशी त्यांनी वरचा पेपर उघडलाच नाही. गठ्ठा उलटा केला. होता.

दुपारची वेळ होती. पाचही नियामक मान खाली घालून बसलेले. पंख्यांची घरघर, पानांची सळसळ, सहा पेनांचा आवाज. हा आवाज ज्याने वर्षानुवर्षं ऐकलाय त्याला त्यातलं एकेक पेन ओळखू येतं. काटाबाईंनी आपलं पेन खाली ठेवलं. खोलीत पाच पेनं चालायला हवी होती.

त्यांनी मोजली. पुन्हा मोजली. सहा होती. सहावं मागून येत होतं, बाकांकडून, आणि ते दाबून लिहीत होतं.

मागे न बघता त्यांनी निबंध उघडला. आता पान भरलेलं होतं, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत.

"बाईंनी पेन खाली ठेवलं आहे. त्या मोजत आहेत. आता त्या वर पाहतील आणि"

आणि पान संपलं होतं.

वाक्य तुटलं की पुरवणी शोधायची, हे परीक्षकाच्या हाडात असतं. त्यांनी मागचं पान उलटलं. पुरवणी नव्हती. कोपऱ्यात दोऱ्याचं भोक होतं, आणि त्यात अर्ध्या बोटाएवढा तुटका दोरा. त्यांनी मुखपृष्ठ पाहिलं. 'जोडलेल्या पुरवण्या' या रकान्यात गोल, बारीक अक्षरात लिहिलं होतं: एक.

काटाबाईंचं कोपर टेबलाच्या कडेवर दाबलं गेलं. आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की हे टेबल डुगडुगायचं. चौदा वर्षांपूर्वी हे टेबल नुसता हात टेकला तरी एका पायावर झुकायचं, हिरवी रेघ वाकडी जायची, म्हणून त्या दिवसभर कातावल्या होत्या.

आता ते ढिम्म हलत नव्हतं.

त्यांनी खाली पाहिलं नाही. पाच वाजेपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या, पावलं खुर्चीखाली ओढून घेतलेली.

५

"जेवत का नाहीस?" ताईंनी विचारलं. मग स्वतःच म्हणाल्या, "मागे एकदा अशीच आली होतीस. तपासणीहूनच. ताट तसंच ढकललंस आणि म्हणालीस, टेबल डुगडुगत होतं, डोकं उठलं."

चौदा वर्षांत कुणी कुणाला न विचारलेली गोष्ट ताईंनी अशी सहज, पोळीवर तूप वाढावं तशी, समोर ठेवली.

काटाबाई बोलल्या. शेवटचा दिवस होता. अकरा गठ्ठ्यांना सील लागलं होतं, चारची गाडी खाली उभी. आणि त्यांच्या पायाशी एक पुरवणी पडलेली दिसली. दोरा तुटून सुटलेली. पुरवणीवर क्रमांक नसतो. क्रमांक मुख्य पेपरावर. कुणाची ते शोधायचं तर अकराही सीलं फोडून अक्षर जुळवावं लागलं असतं, आणि नियामकाच्या पहिल्याच वर्षी 'माझ्या हातून पुरवणी सुटली' असं मोठ्या सरांना सांगावं लागलं असतं.

"मग?"

"टेबल डुगडुगत होतं." काटाबाई ताटाकडे बघत होत्या. "चार पदरी घडी घातली आणि पायाखाली सरकवली. म्हटलं, निघताना काढू."

ताईंनी भांडी आवरणं थांबवलं.

"पुढे फेरतपासणीचा अर्ज आला. आईबापाचा. आमच्या लेकराने पुरवणी लिहिली होती, ती बघा. पेपर पुन्हा तीन पेनांखालून गेला. मास्तरांनी लाल लिहिलं, बदल नाही. मी हिरवं लिहिलं, पुरवणी आढळली नाही. सरांनी जांभळं लिहिलं, बदल नाही. तिघांनी खरंच लिहिलं, ताई. कागद समोर नव्हता ना!"

"दोघांनी खरं लिहिलं," ताई म्हणाल्या.

ताईंनी ठिबकणारा नळ आवळला.

"त्या पोराचं पुढे काय झालं?"

"ते आपल्याला कळत नाही. आपल्याकडे क्रमांक असतो. पोर नसतं."

"सांगून टाक उद्या."

"खुर्ची जाईल. नाव जाईल. पंधरा वर्षांत एक काट नाही, ताई."

"मग नको सांगूस," ताई म्हणाल्या, आणि उठल्या. "पण उद्या खाली तरी वाक. एवढं ताठ राहून तुझं तुलाच दुखत नाही का गं?"

६

दीड वाजता सगळे डबे घेऊन खाली गेले. सात नंबरमध्ये काटाबाई एकट्या. त्यांनी गठ्ठ्याच्या तळातून तो पेपर काढून टेबलावर ठेवला आणि दोन्ही गुडघे टेकून खाली बसल्या.

उजव्या पायाखाली घडी होती. टेबल खांद्याने उचलून धरून त्यांनी ती ओढली. चौदा वर्षं दाबली गेलेली, कडा तपकिरी, मधोमध पायाचा चौकोनी ठसा. उलगडताना पदर करकरले.

"त्यांना कुणी दिसणार नाही. मी मागे बसलो आहोत तिथून" या वाक्यात 'आम्ही' खोडून वर 'मी' लिहिलं होतं, घाईत लिहिणारी मुलं करतात तसं, "मागच्या बाकावरून सगळं दिसतं. टाकी दिसते. बायका दिसतात. त्यांनी माझा पेपर तीनदा तपासला. पण अजून वेळ संपलेली नाही. घंटा झाली नाही. घंटा झाल्याशिवाय पेन खाली ठेवायचं नसतं. बोट दुखतं. जागा पुरत नाही. मी पुरवणीसाठी हात वर केला आहे. आता बाई गुडघ्यांवर बसल्या आहेत."

शाई त्या शेवटच्या ओळीवर चमकत होती. काटाबाईंनी बोट लावलं. बोट निळं झालं.

मागून येणारा पेनाचा आवाज थांबला होता. पेन कुणीतरी हातातच धरून वाट बघावी, तसा थांबला होता.

त्या जमिनीवरच होत्या. तिथून त्यांना बाकांच्या फक्त वरच्या कडा दिसत होत्या, एकामागे एक, ओळीत. आणि सगळ्यात मागच्या कडेच्या वर एक हात होता. मनगटापर्यंत. सरळ वर केलेला, पुरवणी मागताना मुलं करतात तसा, तर्जनीच्या पेरावर निळा घट्टा. हात हलत नव्हता. फार वेळ वर धरलेला हात बारीक कापतो, तसा तो कापत मात्र होता.

काटाबाई टेबलाला धरून उठल्या. उभ्या राहिल्यावर त्यांना मागचा बाक पूर्ण दिसला. बाक रिकामा होता.

पेन पुन्हा चालू झालं.

त्या वयाला न शोभेल अशा धावत सुटल्या. व्हरांड्याच्या टोकाला लोखंडी रुळाचा तुकडा टांगलेला होता, त्याखाली शिपाईमामा डबा खात बसलेले.

"बाई, अहो ही काय घंटेची वेळ आहे?"

काटाबाईंनी हातोडी उचलली आणि ठोके दिले. तासाचे नाहीत. पेपर संपल्यावर देतात ते, एकात एक मिसळलेले, न थांबणारे.

खालच्या हॉलमध्ये साठ शिक्षक होते. जन्मभराची सवय. साठांनी हातातलं जे होतं ते खाली ठेवलं. चमचे, पेनं, पेले. सगळी शाळा गप्प झाली.

आणि त्या शांततेत सात नंबरमधून एक पेन चालताना ऐकू आलं. दोन शब्द. वाक्य पुरं करण्यापुरतं. मग टोक टेकवून दिलेला पूर्णविराम.

शिपाईमामांनी घास तोंडाशी धरूनच वर पाहिलं. "खोलीत कोण राहिलंय?" त्यांनी विचारलं. काटाबाईंनी हातोडी जागेवर ठेवली.

७

त्यांनी चष्म्याचा दोरा सोडला. काडी खाली पडली. एका कानावर चष्मा धरून त्यांनी त्या दोऱ्याने पुरवणी पेपराला बांधली, दोन गाठी मारून, मग संपूर्ण निबंध पहिल्या ओळीपासून वाचला.

गुण दयेने द्यायचे नसतात. त्यांनी दयेने दिले नाहीत. वाक्यं छोटी होती, एका ठिकाणी गोंधळलेली, पण जे दिसलं ते लिहिलं होतं आणि शेवटपर्यंत लिहिलं होतं. चारचे सात केले. तेहतिसाचे छत्तीस. शेजारी हिरव्या शाईत लिहिलं, 'पुरवणी नियामकाच्या ताब्यात होती', आणि पूर्ण सही केली. शेवटचे दोन शब्द काय होते? 'घंटा झाली.' एवढेच.

मोठ्या सरांनी पेपर दोनदा उलटसुलट केला.

"सहा आकडी क्रमांक बंद होऊन बारा वर्षं झाली, बाई. हा आला कुठून?"

"माझ्या टेबलाखालून." त्यांनी सगळं सांगितलं, न थांबता. हाताचं आणि आवाजाचं सोडून. ते सांगण्यासारखं नव्हतं.

सरांनी दार लोटून घेतलं. "हे बघा. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या वर्षाच्या याद्यासुद्धा उरलेल्या नाहीत. फाडा हे. पुढच्या वर्षी या खुर्चीत तुम्ही आहात, आणि मला ती दुसऱ्या कुणाला द्यायची नाही."

"जांभळी काट मारा, सर. माझ्या तेव्हाच्या शेऱ्यावर."

"तुम्हाला कळतंय ना काय मागताय?"

"पंधरा वर्षं फक्त तेवढंच कळलं नव्हतं."

सर काही बोलणार होते. पण त्यांची नजर क्षणभर खाली गेली, आपल्याच टेबलाच्या पायाकडे. मग त्यांनी बूट हळूच पुढे सरकवून त्या पायासमोर आणला, आणि तसाच ठेवला. जांभळं पेन उघडलं. काट सरळ आली, कारण टेबल मुळीच हललं नाही.

८

दुसऱ्या दिवशी काटाबाई लवकर गेल्या. तपासणी संपेपर्यंत काम तर करायचंच होतं. खुर्ची गेल्याची बातमी त्यांच्या आधी जिना चढली होती; शिपाईमामांनी आज उठून नमस्कार केला नाही, नुसती मान हलवली. त्याचं त्यांना विशेष काही वाटलं नाही. त्यांना आदल्या रात्री, किती वर्षांनी, नीट भूक लागली होती.

सात नंबरमध्ये कुणी नव्हतं. गठ्ठे यायचे होते. पंखेही लावलेले नव्हते. त्यांनी पर्स टेबलावर ठेवली आणि टेबल एका बाजूला झुकलं. डुगडुगलं. त्यांनी हाताने दाबून पाहिलं, पुन्हा डुगडुगलं. बरं वाटलं. त्या बराच वेळ ते टेबल हलवत राहिल्या, पाळण्यासारखं.

मग सहज त्यांनी शेजारच्या टेबलावर हात टेकला.

ते हललं नाही.

फरशी जुनी, उंचसखल. टेबलं तितकीच जुनी. त्यांनी त्याच्या पुढचं टेबल दाबलं. हललं नाही. त्याच्या पुढचंही नाही. पाचही टेबलं जमिनीतून उगवल्यासारखी घट्ट उभी होती.

काटाबाई वाकल्या. आता त्यांना वाकता येत होतं. प्रत्येक टेबलाच्या एकेका पायाखाली काहीतरी पांढरट होतं. चार पदरी. कुठे सहा पदरी.

त्या व्हरांड्यात आल्या. आठ नंबर, नऊ नंबर, दहा नंबर, सगळी दारं उघडी, सगळ्या खोल्या रिकाम्या, आणि मागे ढकललेले बाक. साडेदहा वाजायचे होते. शाळेत अजून एकही पेन उघडलं गेलेलं नव्हतं.

त्या कान देऊन उभ्या राहिल्या. मग घंटेकडे गेल्या, हातोडी उचलली, आणि ती हातात घेऊन तशाच थांबल्या. कारण एका पेनाचा आवाज ओळखता येतो, पण इतक्या पेनांचा आवाज पेनांचा वाटतच नाही. दूरवर कुठेतरी पाऊस लागावा, तसा तो सगळ्या खोल्यांतून येत होता.